नऊ वर्षांचं पथ्य

चष्म्याच्या दुकानात पुढे काचेची कपाटं असतात, आरसे असतात आणि गिऱ्हाइकाला कुठलीही फ्रेम शोभून दिसते असं सांगणाऱ्या काउंटरवाल्या बाई असतात. मागच्या लांबट खोलीत मात्र कुणी गिऱ्हाईक जात नाही. तिथे काच घासतात. पाण्याची बारीक धार सोडलेल्या चाकावर काच धरायची आणि फ्रेमच्या मापाची होईपर्यंत फिरवत राहायची. एकतीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला सगळे नंबरकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं.

हे नाव पडलं त्याचं असं झालं. एकदा एका चिठ्ठीवर चष्म्याचा असा काही विचित्र नंबर लिहून आला, की मालक म्हणाले, "लिहिताना हात घसरला असणार. तुम्ही आपला नेहमीसारखा करून टाका."

काका म्हणाले, "चिठ्ठीत आहे तो करीन. पटत नसेल तर चिठ्ठी बदलून आणा."

गिऱ्हाईक डॉक्टरकडे जाऊन तासाभरानं तीच चिठ्ठी घेऊन परत आलं. नंबर बरोबर होता. त्या दिवसापासून मालकांनी त्यांना नंबरकाका म्हणायला सुरुवात केली. थोडी चेष्टा, थोडा मान, असं ते नाव होतं.

लग्न झालं नव्हतं. त्यामागे काही मोठी गोष्ट नव्हती. होता होता राहिलं. दोन खोल्यांचं घर होतं, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला आठ वर्षांनी मोठी ताई होती. दर रविवारी दोन बस बदलून ते ताईकडे जेवायला जात. दाजी जेवताना वर्तमानपत्र वाचत, ताई बोलत असे आणि काका खात असत. इतर दिवशी दुकानातल्या मागच्या खोलीत एक वाजता चौघांचे डबे उघडत: मालकांचा, काउंटरवाल्या बाईंचा, फ्रेम जोडणाऱ्या कारागिराचा आणि काकांचा. कोण कुणाच्या डब्यातलं खातंय याचा हिशेब नसे. कारागीर तर आधी दुसऱ्यांचे डबे संपवून मग स्वतःचा उघडत असे.

काका बावन्न वर्षांचे असताना एका मंगळवारी, चाकावर काच धरलेली असताना, त्यांच्या पोटात डाव्या बाजूला खाली कळ आली. गॅस असेल म्हणून त्यांनी दोन दिवस अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि बाकावरून सरळ उभंही राहता येईना. मालकांनी त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं.

सहा दिवस सलाइन, सुया आणि पातळ पाण्यासारखं सूप. पांढऱ्या भुवयांचे मोठे डॉक्टर रोज सकाळी येत. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, डायव्हर्टिक्युलायटिस. ते काकांना म्हणता येईपर्यंत घरी जायची वेळ झाली.

"सायकलची ट्यूब जुनी झाली की तिला मधेच फुगे येतात, पाहिलेत?" डॉक्टर म्हणाले. "तसे तुमच्या मोठ्या आतड्याला आलेत. बारक्या पिशव्याच म्हणा. त्यातल्या एकीला सूज आली होती."

मग त्यांनी एक टंकलेला कागद दिला. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून त्यातली अक्षरं तुटली होती. टोमॅटो, काकडी, वांगी, पेरू, अंजीर, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, मका, शेंगदाणे, तीळ, खसखस... एकूण तेवीस वस्तू.

"बी असलेलं काहीही नको. बी त्या पिशवीत अडकलं, की तुम्ही पुन्हा याच खाटेवर."

"एखादं चुकून गेलं तर?"

"एखादंही पुरतं," डॉक्टर म्हणाले. "आणि पुढच्या वेळी कदाचित आतड्याचा तुकडा काढावा लागेल. पोटाला बाहेरून पिशवी लावावी लागेल."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तशी पिशवी होती. काकांनी सहा दिवस ती पाहिली होती. आणखी काही सांगायची गरजच नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी तो कागद स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. एक प्रत स्वयंपाकघरात लावली, एक पाकिटात ठेवली. चिठ्ठीत आहे ते करायचं, हा त्यांचा स्वभावच होता. पण नुसतं पाळून ते थांबले नाहीत, यादी वाढवत गेले. भोपळी मिरचीत बिया असतात, ती गेली. ब्राउन ब्रेडमध्ये काय काय असतं कुणास ठाऊक, तोही गेला. एकदा केळं खाताना आतले काळे ठिपके दिसले. काकांनी डोळ्याला लावायचं भिंग आणून ते ठिपके निरखून पाहिले आणि केळंही यादीत घातलं. दोन वर्षांत तेवीसच्या एक्केचाळीस वस्तू झाल्या.

सुरुवातीला दुकानातले सगळे जपायचे. "काका, हे चालेल का?" असं प्रत्येक गोष्टीला विचारायचे. काका बिचारे प्रत्येक वेळी डब्यात डोकावून पाहायचे आणि बहुतेक वेळा मान हलवायचे. कारागीर थट्टा करायचा, "काका, हवेतपण बिया उडत असतात, श्वास गाळून घ्या." सगळे हसायचे. काकाही हसायचे. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यांच्यापर्यंत आलेला डबा आता क्षणभर हवेत थांबायचा आणि मग वळसा घालून पुढे जायचा.

एकदा मालकीणबाईंनी वाढदिवसाचा म्हणून घरी केलेला केक पाठवला. वर खसखस पेरली होती. मालकांनी स्वतः काकांसाठी मोठा तुकडा कापला. काका म्हणाले, "नको." मालक म्हणाले, "अहो, वरची खरवडून देतो." काका म्हणाले, "एखादी राहतेच." तुकडा तसाच ताटलीत राहिला, आणि सगळ्यांचं खाऊन झालं तरी तो टेबलाच्या मधोमध होता.

दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन खिडकीजवळच्या आपल्या बाकावर बसले. "काचांचा एक जोड संपवायचा राहिलाय," म्हणाले. पहिला आठवडाभर त्यांना हाका आल्या. पुढच्या आठवड्यात एकदोनदा आल्या. मग बंद झाल्या. त्यात कुणाचा राग नव्हता, लोभही कमी झाला नव्हता. माणसं सवयीची होतात, एवढंच.

ताईकडचं इतकं सोपं नव्हतं.

ताईनं यादी पाहिली आणि जुन्या साडीचा मऊ तुकडा काढला. दर रविवारी सकाळपासून ती टोमॅटो शिजवून त्या फडक्यातून गाळायची, वांग्याच्या जागी बटाटा घालायची. असं सात-आठ महिने चाललं. एका रविवारी तिनं बेकरीतून ताजा पाव आणला होता, वरून तीळ लावलेला. तिनं ते सुरीनं काढून टाकले होते, पण काही चिकटून राहिले होते. काकांनी खिशातून काचेच्या कामाचा बारीक चिमटा काढला आणि ताटावर वाकून एकेक तीळ वेचायला लागले.

ताई बघत राहिली. दाजींनीही वर्तमानपत्र खाली घेतलं.

"माझ्या हातचं तुला विष वाटतं का रे?" ताई म्हणाली.

"तसं नाही गं. डॉक्टरांनी..."

"सकाळी सहापासून उभी आहे मी. एक तीळ राहिला तर राहिला."

"एकही पुरतो, ताई."

हे त्यांनी अगदी खरं समजून सांगितलं होतं. ताई उठून आत गेली. तिनं नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

पुढच्या रविवारी काका घरून जेवून तीन वाजता गेले. तिला त्रास नको, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ताईनं नुसता चहा दिला. मग पंधरा दिवसांनी चहा, मग महिन्यानं, मग फोन. फोनवर ताई विचारायची, "जेवलास?" ते म्हणायचे, "जेवलो." आणि दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. सहाव्या वर्षी एका दुपारी ताई झोपली ती उठलीच नाही. त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी काकांपुढेही ताट आणलं. त्यांनी सवयीनं विचारलं, "यात काय आहे?" आणि मग स्वतःचीच शरम वाटून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

घरी त्यांचं जेवण आता पाच गोष्टींवर आलं होतं: भात, दही, उकडलेला बटाटा, पांढरा ब्रेड आणि साखर. एक ताट, एक वाटी, एक चमचा. हे धुवायला एवढा कमी वेळ लागायचा, की संध्याकाळ फार मोठी वाटायची. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की ते खिडकी लावून घ्यायचे. पण दुखणं उठलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. दरवर्षी पहिली कळ आली होती ती तारीख आली की ते मनाशी म्हणायचे, आणखी एक वर्ष निघालं.

नवव्या वर्षी मालकांच्या नजरेला एक गोष्ट आली. काकांच्या कामाच्या एप्रनची नाडी पूर्वी जेमतेम मागे बांधली जायची, ती आता दोन वेढे घेऊन पुढे येत होती.

"काका, तुमची नुसती फ्रेम उरलीये," मालक म्हणाले. "उद्या दुकानात दिसलात तर बघा. आधी हॉस्पिटल."

मोठे डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासण्या केल्या, नळी घालून आतडं आतून पाहिलं. आठवड्यानं बोलावून म्हणाल्या, "पिशव्या आहेत, पण शांत आहेत. वाईट काही नाही. तुम्ही खाता काय?"

काकांनी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. मग पाकिटातली यादी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. "केळंसुद्धा?"

"ते मी घातलं."

"काका, हे आता कुणी सांगत नाही." त्यांनी आवाज जरा खाली आणला. "तेव्हा सगळे असंच शिकवायचे, त्या डॉक्टरांची चूक नव्हती. नंतर हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून पाहिलं. बिया, दाणे खाणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, असं काही दिसलं नाही. उलट तुमच्यासारखं चोथा नसलेलं खाणं बरं नाही."

काका म्हणाले, "पण नऊ वर्षांत मला परत झालं नाही."

"कदाचित झालंच नसतं. पुष्कळांना होत नाही."

काकांनी यादीची घडी घालून ती पुन्हा पाकिटात ठेवली.

"मग टाळू काय?" काकांनी विचारलं.

"दुखणं उठलं तर थोडे दिवस पातळ, हलकं, आणि लगेच मला दाखवायचं. एरवी लाल मांस कमी, पाणी भरपूर, रोज चालणं. भाज्या, फळं, डाळी हळूहळू वाढवा, एकदम नको. एखादी गोष्ट तुम्हाला खरंच सोसत नसेल तर ती सोडा. पण ते तुमचं तुम्ही पाहून ठरवायचं, कागदावरून नाही."

"लिहून द्याल?"

त्या हसल्या, पण त्यांनी लिहून दिलं. काका उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय," म्हणाले. खिशातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांनी दोन मिनिटांत तो सरळ करून दिला. एवढं एक काम त्यांना त्या दिवशी नीट समजत होतं.

घरी जाताना त्यांनी एक टोमॅटो घेतला. दुकानदारानं विचारलं, "एकच?" चकत्या करून, मीठ लावून त्यातला अर्धा खाल्ला आणि थर्मामीटर घेऊन खुर्चीत बसले. दर तासाला ताप पाहिला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांना असं वाटलं, की काहीतरी झालं असतं तर बरं झालं असतं. निदान ती नऊ वर्षं फुकट गेली नसती.

दोन आठवड्यांनी ते दाजींकडे गेले. ताई गेल्यापासून तीनदाच गेले असतील. दाजी पंचाहत्तरीचे, लिफ्ट दुरुस्त करायचं काम करून निवृत्त झालेले. बोलणं मुळातच कमी. मुलगा परदेशात. काकांनी डॉक्टरीणबाईंचा कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

दाजींनी कागद दोनदा वाचला. "हे तिला सांगायला हवं होतंस."

"तेव्हा मलाच कुठे ठाऊक होतं?"

"ती म्हणायची, आजारबिजार काही नाही. त्याला आपलं घर नको झालंय, म्हणून निमित्त करतो."

"दाजी, मी तिला यादी दाखवली होती."

"यादी दाखवलीस. बसला नाहीस." दाजींनी कागदाची घडी घालून परत दिली. "तुझं तू डब्यात आणून इथे बसून खाल्लं असतंस तरी चाललं असतं. ताईकडे जाऊ नये, असं होतं का त्या यादीत?"

हे काकांना नऊ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. ते थोडा वेळ बसले आणि निघाले. दाजी दारापर्यंत आले नाहीत.

त्यानंतर एक दिवस त्यांनी दुकानात डबा हातात घेतला आणि बाकावरून उठून टेबलाकडे गेले. बारा पावलं असतील. जुन्या काउंटरवाल्या बाई सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या बाई, काका पूर्वी ज्या स्टुलावर बसत त्याच स्टुलावर बसल्या होत्या. काकांना एकट्यानं जेवायला आवडतं, असंच त्या समजत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि आदरानं विचारलं, "काय हवंय काका?"

"मीठ," काका म्हणाले.

त्यांनी मीठ दिलं. काका ते घेऊन परत बाकावर आले.

चार महिन्यांनी दुखणं पुन्हा उठलं. पहिल्याइतकं जोराचं नव्हतं, पण तीच जागा, तीच कळ. काकांनी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी तपासून गोळ्या दिल्या, तीन-चार दिवस पातळच घ्यायला सांगितलं.

"परवा पेरू खाल्ला होता," काका म्हणाले. आवाजात आरोप होता. पेरूवर, बाईंवर, स्वतःवर.

"पेरूनं नाही झालं हे."

"मग कशानं?"

"खरं सांगू? ते आम्हालाही नेमकं सांगता येत नाही."

घरी पडल्या पडल्या काकांनी जुनी यादी पुन्हा काढली. तिचा मोह पडत होता. ती होती तोवर दुखणं त्यांच्या हातात होतं. चिमट्यानं उचलून बाजूला ठेवता येत होतं. आता कुणालाच काही सांगता येत नव्हतं. ती पुन्हा भिंतीवर लावली, की आपण सुरक्षित. पण मग दाजींचं ते वाक्य आठवायचं, आणि सुरक्षित राहून आपण काय राखलं, हे काही त्यांना सांगता येईना. त्यांनी यादी फाडली नाही. लावलीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात दाजी, हातात थर्मास. दोन बस बदलून, आणि शिवाय तीन जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होते. हजेरीच्या वहीत काकांच्या नातेवाइकाच्या रकान्यात अजून ताईच्याच घरचा फोन नंबर होता. मालकांनी त्यावर कळवलं होतं.

"लिफ्ट बंद आहे तुमची," दाजी म्हणाले. "दोरखंड ठीक आहे, दाराचा खटका गेलाय. सांग कुणालातरी."

त्यांनी स्वतःच वाटी शोधली, सूप ओतलं. काकांनी एक चमचा घेतला. तोंड खारट झालं.

"तीनदा गाळलंय," दाजी म्हणाले.

"इतकं गाळायची आता गरज नाही, दाजी."

"मला काय माहीत. ती गाळायची."

काकांनी ते सगळं सूप संपवलं. मधेच त्यांचे डोळे भरून आले. दाजी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "मीठ जास्त झालंय ना?"

"थोडं."

हळूहळू काका बरे झाले. आठवडाभरानं मऊ भात, मग शिजवलेल्या भाज्या, मग एकेक फळ, असं वाढवत गेले. कच्चा कांदा आपल्याला खरंच सोसत नाही, हे त्यांनी स्वतः पाहून ठरवलं आणि तेवढा सोडला. मांसही जवळजवळ सोडलं. रोज दुकानातून घरी चालत जाऊ लागले. वजन थोडं भरलं. दुखणं परत येईल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि सकाळी उठल्यावर पोटाच्या डाव्या बाजूला हात लावून पाहायची सवय काही गेली नाही. दुकानात ते अजून बाकावरच जेवतात. कधीतरी टेबलावर जाऊन बसेन, म्हणतात.

पण एक आड एक रविवारी ते दाजींकडे जातात. दोघांनाही स्वयंपाक येत नाही. बोलणं म्हणाल तर लिफ्टचं, काचांचं आणि परदेशातल्या मुलाच्या फोनचं. ताईचं नाव क्वचित निघतं, आणि निघालं की दोघांपैकी एक जण पाणी आणायला उठतो.

परवा दाजी पिशवी घेऊन भाजीला निघाले होते. दारातून वळून म्हणाले, "काय आणू? तुला काय आवडतं?"

नऊ वर्षं लोकांनी विचारलं होतं ते, काय चालतं. दाजी पिशवी हातात धरून उभे राहिले, घाई केली नाही.

"भेंडी," काका म्हणाले. मग जरा विचार करून, "बहुतेक."